इंटरनेट, कॉपीराइट आणि देशोदेशीचे कायदे : ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात वकिली करते. छायाचित्रकार, यूट्यूबवर चॅनल चालवणारे, ऐरोली-महापेतले सॉफ्टवेअरवाले, वाशीच्या मार्केटमधले निर्यातदार, आजोबांची पुस्तकं पुन्हा छापू पाहणारी नातवंडं असे वेगवेगळे लोक भेटतात, पण बहुतेकांचा पेच एकच असतो. काम इथं झालेलं असतं, ते दिसतं जगभर आणि नोटीस येते तिसऱ्याच देशातून. त्यांनी विचारलेले प्रश्न इथं उत्तरांसह दिले आहेत. प्रत्यक्ष प्रकरणात कागद बघितल्याशिवाय कोणाच्याही सल्ल्यावर विसंबू नका, माझ्याही.

व्हिडिओ टाकला ठाण्यातून, कंपनी अमेरिकेची, तक्रार करणारा जर्मनीत. मग कायदा कुठला लागतो?

तिन्ही देशांचे कायदे लागू शकतात. साऱ्या जगाला मिळून एक कॉपीराइट कायदा अस्तित्वातच नाही. आहे तो १८८६चा बर्न करार. भारत त्यात १९२८पासून आहे, अमेरिका मात्र १९८९मध्ये आली. या करारामुळे तुम्ही कोपिनेश्वराच्या देवळाचा फोटो काढलात की त्याच क्षणी, कुठेही नोंदणी न करता, बहुतेक सगळ्या देशांत तुमचा हक्क तयार होतो. पण जर्मनीत त्या हक्काचं मोजमाप जर्मन कायद्यानं होतं, अमेरिकेत अमेरिकन कायद्यानं आणि इथं १९५७च्या भारतीय कायद्यानं.

म्हणून ‘कायदा कुठला’ या प्रश्नाचे मी तीन तुकडे करते. हक्क कुठल्या देशातला मोडला? ज्या कंपनीच्या मंचावर मजकूर आहे, ती कोणाचा नियम पाळते? आणि निकाल लागलाच, तर तो कोणाच्या मालमत्तेपर्यंत पोचू शकतो? तिघांची उत्तरं बहुधा वेगवेगळी येतात. खालच्या प्रत्येक प्रश्नात यातला एखादा तुकडा भेटेल.

पाडव्याच्या शोभायात्रेचा व्हिडिओ टाकला. मागं कुणाच्या तरी डीजेवर गाणं वाजत होतं. यूट्यूबनं अडवला. मी तर गाणं लावलंही नव्हतं!

आधी बघा की आलेलं काय आहे : ‘क्लेम’ की ‘स्ट्राइक’. क्लेम बहुतेक वेळा यंत्र लावतं. गाण्याचा ठसा जुळला की जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळतात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसेनासा होतो. ही कंपनीची स्वतःची व्यवस्था आहे, कुठल्याही देशाच्या कायद्यात ती लिहिलेली नाही. तिथं वाद घातला म्हणून कोणी कोर्टात खेचत नाही. स्ट्राइक मात्र अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए कायद्याखालच्या औपचारिक तक्रारीवरून येतो. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं.

स्ट्राइकला उत्तर द्यायचा जो फॉर्म आहे, तो सही करण्याआधी वाचा. मी अशिलाला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचायला लावते. त्यात पूर्ण नाव, पत्ता, फोन मागतात आणि हे सगळं तक्रारदाराला पाठवलं जातं. मग एक वाक्य येतं की व्हिडिओ चुकीनं किंवा गैरसमजातून काढला गेला असं मी प्रामाणिकपणे मानतो, आणि हे खोटी शपथ घेतल्यास होणारी शिक्षा मान्य करून सांगतो. त्याच्या आगेमागे दुसरं वाक्य असतं : मी अमेरिकेबाहेरचा असल्यानं कंपनी जिथं आहे तिथल्या संघीय जिल्हा न्यायालयाचा अधिकार मला मान्य आहे. म्हणजे नौपाड्यात बसून एका टिचकीनं तुम्ही कॅलिफोर्नियातल्या कोर्टाला होकार देता. त्यानंतर कामकाजाचे दहा दिवस तक्रारदारानं दावा लावल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो. बाजू भक्कम असेल तर उत्तर जरूर द्या. नुसत्या रागाच्या भरात देऊ नका.

भारताची वाट वेगळी आहे. आपल्या कायद्याच्या कलम ५२(१)(क) आणि २०१३च्या नियमांतल्या नियम ७५नुसार लेखी तक्रार आल्यावर मंचानं ३६ तासांत मजकूर थांबवायचा असतो. तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर मंच तो पुन्हा चालू करू शकतो. इथं कोर्ट गाठायची जबाबदारी तक्रारदारावर आहे आणि तुम्हाला परदेशी कोर्टाला होकार द्यावा लागत नाही. सामान्य माणसाला हाच रस्ता जास्त न्याय्य वाटेल, मलाही वाटतो. पण मोठ्या कंपन्यांची यंत्रणा अमेरिकेच्या साच्यात घडली आहे, त्यामुळे व्यवहारात गाठ पडते ती डीएमसीएशी.

आता तुमचं गाणं. इंग्लंडच्या १९८८च्या कायद्यात ओघात, सहज आलेल्या गोष्टीला सूट आहे, ती संगीतालाही मिळते, फक्त ते मुद्दाम घेतलेलं नसावं. आपल्याकडे चित्रपटात पार्श्वभूमीला सहज आलेल्या चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींना सूट आहे, गाण्याला अशी थेट सूट नाही. तेव्हा आवाज बंद करून ढोलताशाचा वेगळा ध्वनी लावणं हाच आज सगळ्यात कमी त्रासाचा उपाय.

पण लग्नात आणि गणपतीत गाणी वाजवायला परवानगी लागत नाही ना?

कलम ५२(१)(झेडए) धार्मिक समारंभ, सरकारी समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे यांना सूट देतं. ती सूट त्या समारंभात वाजवण्यापुरती आहे. तोच सोहळा चित्रित करून इंटरनेटवर टाकलात की वेगळा हक्क लागतो. हळदीचा रील अडकतो तो यामुळे.

‘फेअर यूज’ असं खाली लिहिलं तर चालतं का?

नाही. अमेरिकेत फेअर यूज हा चार कसोट्यांवर तोलला जाणारा बचाव आहे : वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती घेतलं आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला. युरोपात ठरावीक अपवादांची यादी असते. भारतात खाजगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन एवढ्यापुरतं ‘फेअर डीलिंग’ आहे, शिवाय कलम ५२मध्ये इतर नेमक्या सवलती आहेत. तीस सेकंदांपर्यंत चालतं हा नियम जगात कुठेही नाही.

लग्नाचे फोटो मी काढले. आता नवरी म्हणते, इन्स्टाग्रामवरून काढा. फोटो माझेच ना?

इथं देशोदेशीचे कायदे फार सुरेख वेगळे पडतात. भारतात कलम १७(ब) म्हणतं की मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. छायाचित्रकार हा कर्ता राहतो, कलम ५७खाली त्याचा नैतिक हक्क (काम आपल्या नावानं ओळखलं जावं आणि ते विद्रूप होऊ नये हा) राहतो, पण कॉपीराइट यजमानांचा. अमेरिकेत साधारणपणे छायाचित्रकार मालक असतो. इंग्लंडमध्येही तोच मालक, पण कलम ८५ घरगुती कारणासाठी फोटो काढून घेणाऱ्याला खाजगीपणाचा हक्क देतं : फोटो माझे असले तरी तुमच्या परवानगीशिवाय मी ते लोकांसमोर मांडू शकत नाही.

इंग्लंडची मांडणी मला सगळ्यात माणसाळलेली वाटते. दोघांनाही ज्याची गरज आहे, ते दोघांनाही मिळतं. आपल्याकडे तो तोल करारात लिहून साधावा लागतो. राम मारुती रोडवरच्या एखाद्या स्टुडिओनं पावतीच्या मागं ‘निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवण्यास यजमानांची संमती आहे / नाही’ अशी एक ओळ आणि सहीची जागा ठेवली, तरी निम्मे वाद उभेच राहणार नाहीत. ओळ छापील असली तरी ‘आहे / नाही’वर खूण यजमानांनी स्वतः करावी.

मी घणसोलीतून अमेरिकन क्लायंटसाठी चित्रं काढते. करारात ‘वर्क मेड फॉर हायर’ लिहिलंय. मी सही करू का?

आधी ही संज्ञा कुठली ते समजून घ्या. अमेरिकेच्या कायद्यात नोकरानं नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं. बाहेरून करून घेतलेलं काम मात्र ठरावीक नऊ प्रकारांतलं असेल आणि तसा लेखी करार असेल, तरच ‘वर्क मेड फॉर हायर’ होतं. म्हणून हुशार क्लायंट पुढचं वाक्य जोडतो : तसं न ठरल्यास चित्रकार सर्व हक्क या करारानं सोपवत आहे. खरी मेख त्या दुसऱ्या वाक्यात असते.

भारतात कलम १७(क) नोकरीतल्या कामाचं मालकपण मालकाला देतं. तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र काम करता. त्यामुळे फोटो किंवा मोबदल्यावर रंगवून घेतलेलं चित्र यांसारखी कलम १७(ब)मधली कामं सोडली, तर हक्क तुमचेच राहतात, सहीनिशी सोपवले तरच जातात. चित्रकारानं मात्र तेच कलम ध्यानात ठेवावं, कारण ‘पेंटिंग’ त्यात नावानिशी आहे. लेखक, संगीतकार, कोड लिहिणारे त्यात येत नाहीत.

आणि सोपवताना काय लिहिलं नाही, यालाही भारतात अर्थ आहे. कलम १९ सांगतं की मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरायचं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. करारातल्या त्या दोन रिकाम्या जागा मी अशिलांना बोट ठेवून दाखवते. ‘टर्म : ____’ आणि ‘टेरिटरी : ____’. क्लायंटनं तिथं ‘परपेच्युअल’ आणि ‘वर्ल्डवाइड’ लिहिलं असेल तर किंमतही त्याच मापाची मागा. रिकामी सोडली असेल तर ती घाईनं भरू नका. फक्त करारावर न्यूयॉर्कचा कायदा लागू होईल असं शेवटच्या पानावर असेल, तर कलम १९चा आधार घेणं अवघड जातं. शेवटचं पान आधी वाचा.

नैतिक हक्कांतही फरक आहे. फ्रान्समध्ये ते कधी संपत नाहीत आणि विकताही येत नाहीत. अमेरिकेत १९९०च्या कायद्यानं ते काही दृश्यकलांपुरते आणि मर्यादित आहेत. आपण फ्रान्सच्या जवळ आहोत. विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पाबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूनं दिल्ली उच्च न्यायालयानं २००५मध्ये दिलेला निकाल याच कलम ५७वर उभा आहे.

ऐरोलीच्या कंपनीत नोकरी करतो, रात्री घरी स्वतःचं ॲप लिहितो. ते कोणाचं?

नोकरीच्या ओघात लिहिलं नसेल तर कायद्यानं तुमचं. पण तुमच्या नेमणूकपत्रात ‘नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व काही’ असे शब्द आहेत का ते आधी शोधा. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याचं कलम २८७० अशा शब्दांना आळा घालतं : स्वतःच्या वेळात, कंपनीची साधनं न वापरता केलेला आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेला शोध कंपनीला करारानंही घेता येत नाही. भारतात असं संरक्षण देणारं कलम नाही. इथं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक दिलासा दोन्हीकडे आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये अशी अट भारतात १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७मुळे टिकत नाही. कॅलिफोर्नियातही टिकत नाही. अमेरिकेतल्या इतर बऱ्याच राज्यांत मात्र वाजवी असेल तर टिकते. गोपनीय माहिती नेणं ही निराळी गोष्ट. त्यासाठी अमेरिकेत २०१६चा संघीय कायदा आहे, युरोपात त्याच वर्षीचा निर्देश आहे. आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, कोर्टं करार आणि विश्वासभंगाच्या तत्त्वांवर चालतात.

सॉफ्टवेअरला पेटंट मिळतं का? आणि थेट अमेरिकेत अर्ज केला तर?

कोडला कॉपीराइट सगळीकडे मिळतो. पेटंटचं तसं नाही. आपल्या १९७०च्या कायद्याचं कलम ३(के) ‘नुसत्या’ संगणक प्रोग्रामला, अल्गोरिदमला आणि धंद्याच्या पद्धतीला पेटंट नाकारतं. तांत्रिक परिणाम दाखवता आला तर दार उघडतं, हे दिल्ली उच्च न्यायालयानं फरीद अल्लानी प्रकरणात २०१९मध्ये स्पष्ट केलं. युरोपचा कल बराचसा असाच आहे. अमेरिका एके काळी फार सढळ होती, पण २०१४च्या अ‍ॅलिस निकालानंतर नुसती अमूर्त कल्पना संगणकावर चढवली म्हणून पेटंट मिळणं कठीण झालं.

थेट अमेरिकेत अर्ज करणं मात्र धोक्याचं आहे. तुम्ही भारतात राहत असाल तर कलम ३९नुसार आधी पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, किंवा इथं अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. ते न केल्यास भारतातला अर्ज सोडून दिल्यात जमा होतो आणि मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं. तुमच्या टीममधला एखादा कॅलिफोर्नियात बसून शोधात भाग घेत असेल, तर अमेरिकेचाही असाच परवाना लागतो. महापेतल्या छोट्या कंपन्या नेमक्या इथं अडकतात, कारण कल्पना व्हिडिओ कॉलवर जन्मते आणि तिची जन्मभूमी कोणी टिपून ठेवत नाही.

आणि अर्जाआधी कुठे बोलू नका. अमेरिका स्वतःच प्रसिद्ध केलेल्या शोधाला एक वर्षाची मुभा देते. युरोप देत नाही, आणि भारतात ती अगदी मोजक्या प्रसंगांपुरती आहे. वाशीच्या प्रदर्शन केंद्रात भरलेल्या एखाद्या मेळाव्यात हौसेनं दाखवलेला नमुना युरोपातलं पेटंट घालवू शकतो.

आजोबांच्या पिढीतल्या लेखकाचं पुस्तक स्कॅन करून जगासाठी खुलं करायचं आहे. मुदत संपली आहे ना?

कुठे संपली, हे विचारा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं साठावं कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत हक्क राहतो. आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१मध्ये गेले, त्यांचे हक्क संपत आले तेव्हा सरकारनं मुदत दहा वर्षांनी वाढवली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. युरोपात ७०, चीनमध्ये ५०, मेक्सिकोत १००. जपाननं २०१८च्या अखेरीस आणि कॅनडानं २०२२च्या अखेरीस ५०वरून ७०वर उडी मारली.

साने गुरुजी ११ जून १९५०ला गेले. भारतात त्यांचं जिवंतपणी प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११पासून सगळ्यांचं झालं. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाला २०६०च्या अखेरीपर्यंत थांबायचं. इथवर सोपं आहे. आता अमेरिका. तिथं जुन्या पुस्तकांची मुदत लेखकाच्या मृत्यूवरून मोजत नाहीत, प्रसिद्धीच्या वर्षापासून ९५ वर्षं मोजतात. आणि १ जानेवारी १९९६ला मूळ देशात ज्याचा हक्क जिवंत होता, अशा परदेशी पुस्तकांना अमेरिकेनं हक्क बहाल केले. त्या दिवशी भारतात गुरुजींच्या लेखनाचे हक्क चालू होते. म्हणजे त्यांचं १९३६मध्ये छापलेलं एखादं पुस्तक ठाण्यात २०११पासून खुलं, पण न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या सर्व्हरवर २०३१ संपेपर्यंत नाही. युरोपातले बहुतेक देश परदेशी पुस्तकाला त्याच्या मूळ देशापेक्षा जास्त मुदत देत नाहीत, अमेरिका ते मानत नाही.

म्हणून स्कॅन करणाऱ्या मंडळींना माझं सांगणं असं की फाइल भारतातल्या सर्व्हरवर ठेवा, पहिल्या पानावर लेखकाचं मृत्युवर्ष आणि आवृत्तीचं वर्ष लिहा. प्रस्तावना आणि मुखपृष्ठ दुसऱ्याचं असेल तर त्याची मुदत वेगळी मोजा. जुन्या पुस्तकाला नव्यानं लिहिलेली प्रस्तावना हमखास विसरली जाते.

नवी मुंबईच्या भिंतींवरच्या चित्रांचे फोटो काढून विकता येतील का?

इमारतीचा आणि सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो भारतात चालतो. रंगवलेल्या भिंतीला फोटोपुरती ती सूट स्पष्ट शब्दांत नाही, चित्रपटात मात्र आहे. तेव्हा विकायचं असेल तर चित्रकाराला विचारा. अमेरिकेत इमारत चालते, शिल्प नाही. फ्रान्समध्ये २०१६पासून फक्त बिनव्यापारी खाजगी वापर चालतो. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो खुला आहे, रात्रीच्या रोषणाईचा व्यापारी वापर नाही.

वाशीहून दुबईला हापूस पाठवतो. इथला ब्रँड तिथं आपोआप सुरक्षित आहे का?

नाही. ट्रेडमार्क देशागणिक मिळतो. टोयोटा आणि ‘प्रियस’ नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये हेच सांगितलं : जगात नाव असून भागत नाही, त्या काळात भारतात नाव झालं होतं का ते दाखवा. तुमच्या बाबतीत दुबई हेच विचारेल.

भारत २०१३मध्ये माद्रिद व्यवस्थेत आला, संयुक्त अरब अमिराती २०२१च्या अखेरीस. त्यामुळे इथल्या अर्जावर आधारून एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. मुंबईतली नोंदणी कचेरी अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती आणि लघुउद्योगांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे, बाकीच्यांना ९,०००. चीनमध्ये माल जाणार असेल तर आधी अर्ज करा, मग खोकी छापा. तिथं ज्याचा अर्ज पहिला त्याचं नाव. आपल्याकडे आणि अमेरिकेत आधीपासूनच्या वापराला किंमत आहे.

‘हापूस’ हा तुमचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्या बागायतदारांचं आहे. हे मानांकन भारताबाहेर आपोआप जात नाही. आणि थंडीच्या सुरुवातीला वाशीच्या फळबाजारात मलावीहून आलेला ‘हापूस’ दिसतो तेव्हा बागायतदारांचा जीव का कळवळतो, ते मला समजतं. मूळस्थानाबद्दल गिऱ्हाइकाची फसगत होईल असं नाव लावणं भारतात मानांकनाचा भंग ठरतो. खोक्यावर ‘मलावी’ हे अक्षर किती मोठं आहे, तिथून वाद सुरू होतो.

एआयनं काढलेलं चित्र कोणाचं? आणि माझं लेखन एआयला शिकवायला वापरलं तर?

पहिल्याचं उत्तर : अमेरिकेत कर्ता माणूसच हवा, हे अपील न्यायालयानं थेलर प्रकरणात मार्च २०२५मध्ये सांगितलं. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयानं २०२३मध्ये मात्र सूचना देणाऱ्या माणसाची मेहनत पाहून हक्क मान्य केला. भारताच्या कायद्यात संगणकानं तयार झालेल्या कृतीचा कर्ता ‘ती करवून घेणारी व्यक्ती’ असं म्हटलं आहे. ते शब्द आजची यंत्रं येण्याच्या फार आधीचे आहेत.

दुसऱ्याचं उत्तर : जपाननं २०१९पासून आणि सिंगापूरनं २०२१च्या कायद्यानं शिकवणीला बऱ्यापैकी मोकळीक दिली. युरोपच्या २०१९च्या निर्देशात मोकळीक आहे, पण लेखक यंत्राला वाचता येईल अशा रीतीनं नकार नोंदवू शकतो. भारतात असा अपवाद लिहिलेला नाही, आणि एएनआय वृत्तसंस्थेनं ओपनएआयवर नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात लावलेला दावा याच मुद्द्यावर आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी आपल्या संकेतस्थळावर युरोपच्या धर्तीवरचा नकार आजच नोंदवावा, असं मी सुचवते. खर्च काही नाही.

फेसबुकवर माझी बदनामी झाली. पोस्ट जगभरातून काढता येईल?

ठाणे जिल्ह्यानं या विषयात इतिहास पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबईतल्या बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. त्या अटकेतून पेटलेल्या वादातून आयटी कायद्याचं कलम ६६ए, म्हणजे इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ला रद्द झालं. त्याच निकालानं ठरवलं की असा मजकूर मंचानं काढायचा तो कोर्टाच्या किंवा सरकारच्या रीतसर आदेशावर, कोणीही पत्र पाठवलं म्हणून नाही. ही गोष्ट मला अजूनही मोलाची वाटते.

अमेरिकेत १९९६च्या कायद्यातलं कलम २३० मंचाला वापरकर्त्याच्या बदनामीसाठी जवळपास पूर्ण मोकळं सोडतं. पण ते कवच बौद्धिक संपदेला नाही. त्यामुळे तिथं बदनामीची पोस्ट हटत नाही आणि कॉपीराइटची तक्रार झटपट हटवते. मग काही जण टीका दडपायला कॉपीराइटची खोटी तक्रार करतात. कृपया हा रस्ता कोणी सुचवला तरी धरू नका. खोट्या तक्रारीबद्दल अमेरिकेत भरपाई द्यावी लागते आणि भारतात निराधार धमकीविरुद्ध कॉपीराइट कायद्याचं कलम ६० आहे.

जगभरातून काढण्याबद्दल न्यायालयांचं एकमत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९मध्ये रामदेव प्रकरणात म्हटलं की भारतातून टाकलेला मजकूर जगभरातून काढा. त्यावर अपील झालं. त्याच्या आदल्याच महिन्यात युरोपच्या न्यायालयानं सांगितलं होतं की युरोपचा कायदा गूगलला शोधनिकाल जगभर पुसायला भाग पाडत नाही.

परदेशी कोर्टानं माझ्याविरुद्ध निकाल दिला. तो ठाण्यात लागू होतो का?

देशावर अवलंबून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४एखाली इंग्लंड, सिंगापूर आणि जानेवारी २०२०पासून संयुक्त अरब अमिराती यांच्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा थेट इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीला येऊ शकतो. अमेरिका त्या यादीत नाही. अमेरिकन निकाल घेऊन आलेल्याला तीन वर्षांत इथं नवा दावा लावावा लागतो. तुमची बाजू ऐकलीच नव्हती किंवा निकाल फसवणुकीनं मिळवला होता, हे बचाव कलम १३मध्ये आहेत. पण समन्स आलं आणि ‘ते काय करणार’ म्हणून दुर्लक्ष केलं, तर तो बचाव पातळ होतो. दुबईहून आलेला कागद तर अजिबात कपाटात टाकू नका.

माझं काम चोरलं गेलं. दावा लावायला दिल्ली किंवा परदेश गाठावा लागेल?

नाही, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ मालकाला तो राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू देतं. घंटाळीत राहणारा चित्रकार ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात येऊ शकतो. इतर बहुतेक दाव्यांत प्रतिवादीच्या गावी किंवा वादाचं कारण घडलं तिथं जावं लागतं. तीन लाखांपासून पुढचा वाद व्यापारी न्यायालयाकडे जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करावी लागते. पोलिसांकडेही जाता येतं : कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३चा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये सांगितलं.

अमेरिकेत दावा लावायचा असेल तर तिथं नोंदणी नसली तरी परदेशी कृतीचा मालक कोर्टात जाऊ शकतो. पण ठरावीक भरपाई, जी एका कृतीमागं ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलं असल्यास १,५०,०००पर्यंत असते, ती वेळेत नोंदणी केली असेल तरच. ज्यांची चित्रं अमेरिकेत विकली जातात त्यांनी तिथली नोंदणी करून ठेवावी.

दावा कुठेही लावा, पुरावा आजच बांधा. नुसता स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवू नका, तिथं चित्र दाबलं जातं आणि मूळ माहिती निघून जाते. पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असं पूर्ण पान जतन करा, स्वतःची मूळ फाइल तशीच ठेवा, ती क्लायंटला पाठवल्याचा जुना ईमेल शोधून काढा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं : एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून गणितानं निघणारा तिचा ठसा, लिहायचं. ते मूल्य पहिल्याच दिवशी काढून एका कागदावर उतरवून ठेवा. समोरच्याला नोटीस पाठवायची ती त्यानंतरच, कारण नोटीस पोचल्यावर पान नाहीसं व्हायला वेळ लागत नाही.